अळीच्या पोटातला उतारा

वीज गेली म्हणून हळहळू नका. कंदिलाची काच मी दुपारीच राखेनं पुसून ठेवली आहे, आणि आज जी गोष्ट सांगायची आहे ती विजेच्या लख्ख उजेडापेक्षा या पिवळ्या उजेडातच बरी, कारण ती घडतेही अंधारात, करंगळीहून लहान अशा एका अळीच्या पोटात. तेव्हा पाय पोटाशी घेऊन बसा, हुळ्याची पाटी मधे ओढा, आणि हो, घाटा सोलण्याआधी उजेडात धरून बघा, कारण मघाशी धाकटीच्या हाती जो घाटा आला त्याला गोल भोक होतं, पेन्सिलीनं पाडावं इतकं नेटकं, आणि आत दाण्याच्या जागी नुसती काळपट विष्ठा. ती 'शी' म्हणून तो फेकायला निघाली तर मी मागून घेतला. माझ्या लेखी आजच्या पाटीतला सगळ्यात मोलाचा घाटा तोच.

कुणाचं काम ते तुम्हाला ठाऊक आहे. घाटेअळी. डोकं घाट्यात खुपसून आणि निम्मं अंग बाहेर ठेवून ही बाई जेवत असते, पंगतीत पत्रावळीवर वाकलेल्या पाहुण्यासारखी, कशाची घाई नाही. तुम्ही म्हणाल, अळीच ती, खाणारच, यात नवल कसलं? नवल सांगतो, पण आधी माझ्या आजीची गोष्ट ऐका. पौषातल्या पहाटे, अजून तांबडं फुटायचं असताना, ती धुतलेल्या मलमलीचं फडकं काठीला बांधायची आणि दवानं भिजलेल्या हरभऱ्यावरून हलक्या हातानं ओढत न्यायची, मग ते फडकं पिळून जे पाणी निघे ते काचेच्या बाटलीत भरून फडताळात ठेवायची. ती हरभऱ्याची आंब. पोट दुखलं की वाटीभर पाण्यात चार थेंब, आणि त्या चार थेंबांनी दात असे आंबायचे की संध्याकाळी भाकरी चावताना जपून चावावी लागे. हरभऱ्यातून अनवाणी फिरलं तर पायाच्या भेगा चुरचुरायच्या. त्या पाल्यावर बारीक केस असतात, प्रत्येक केसाच्या टोकाला एक थेंब, आणि त्या थेंबात मॅलिक आणि ऑक्झॅलिक नावाची दोन आम्लं. यातलं ऑक्झॅलिक आम्ल पोटात गेलं की घाटेअळीची वाढ खुंटते, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत १९९५ च्या सुमारास तपासून दाखवलं गेलं. म्हणजे आजीच्या फडताळात जे औषध होतं ते रानातल्या हरभऱ्याचं कुंपण होतं, आणि तरीसुद्धा हा भोकाचा घाटा माझ्या हातात आहे. कुंपण ओलांडून कुणीतरी आत आलंच की!

आता जरा झाडाच्या जागी उभे राहून बघा. म्हशीला माशा चावल्या तर ती शेपटी मारते, ससा उडी मारून पसार होतो, मांजर नखं काढतं, पण झाडाला ना पाय ना शेपूट, जिथं रुजलं तिथंच जन्म काढायचा, आणि भोवताली हजारो तोंडं त्याच्याकडे जेवणाचं ताट म्हणून बघताहेत. मग झाड काय करतं, तर स्वयंपाक करतं. उन्हाच्या शेगडीवर ते असे काही रस शिजवतं की खाणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा. रुईचा चीक, धोतऱ्याचं बी, तंबाखूतलं निकोटिन, मिरचीचा जाळ, निंबाचा कडूपणा, सगळं याच स्वयंपाकघरातलं. कितीतरी वर्षं शास्त्रज्ञ या रसांना झाडाचा कचरा समजत, जसं आपण चुलीतली राख समजतो. फ्रेंकेल नावाच्या एका कीटकशास्त्रज्ञानं १९५९ साली ठासून सांगितलं की हा कचरा नव्हे, ही झाडाची हत्यारं आहेत. पण आपल्याकडे म्हातारी माणसं सांगत आलीत की विष आहे तिथं उतारा असतो. विंचवाला उतारा, सापाला उतारा. त्या सगळ्या उताऱ्यांचं खरंखोटं मला ठाऊक नाही, पण झाडाच्या विषाचा उतारा मात्र खरोखर असतो आणि तो असतो अळीच्या पोटात. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात, डॉक्टर एन्झाइम म्हणतात. विकर म्हणजे पेशीतला बारीकसा कारागीर, एकच काम शिकलेला. कुणी नुसतं कापतो, कुणी जोडतो, कुणी गाठ सोडवतो, पण ते काम असं करतो की बघत राहावं.

सगळ्यात गोड गोष्ट मोहरीची आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. तुमची आजी लाल भोपळ्याचं रायतं करते तेव्हा मोहरी फेसते ना? कोरडी मोहरी डब्यात नाक खुपसून हुंगा, काही होत नाही. ती कुटून वर पाणी शिंपडून रगडायला लागलं की मात्र दोन मिनिटांत नाकातून टाळूपर्यंत अशी झिणझिणी जाते की डोळ्यांतून पाणी. आणि तीच मोहरी फोडणीत तडतडली तर खमंग लागते, पण नाकात जात नाही. लहानपणी मी आजीला विचारलं होतं की ही एकच मोहरी दोन तऱ्हांनी का वागते, तर ती म्हणाली, "बाळा, तिला डिवचलं की ती चिडते, भाजलं की गप होते." इतकं नेमकं उत्तर मला पुढं कॉलेजातही कुणी दिलं नाही. मोहरीच्या पेशींत दोन वस्तू दोन वेगळ्या कोठड्यांत ठेवलेल्या असतात. एका कोठडीत ग्लुकोसिनोलेट नावाचा मुका पदार्थ, दुसरीत मायरोसिनेज नावाचा विकर. दोघं वेगळे आहेत तोवर शांतता. दाणा चिरडला, पाणी लागलं, की भिंती पडतात, विकर त्या मुक्या पदार्थावर झेप घेतो आणि त्यातून झोंबरं मोहरीचं तेल सुटतं. फोडणीच्या कडकडीत तेलात तो विकरच मरतो, म्हणून झोंबणं नाही. कोबी, फुलकोबी, मुळा, नवलकोल या सगळ्या कुळात हाच बंदोबस्त आहे. परदेशातले शास्त्रज्ञ याला बाँब म्हणतात, आणि म्हणोत बापडे, कारण अळीनं पान चावलं की चावल्या जागीच तो फुटतो.

आता कोबी लावणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचा खरा वैरी कोण, तर तो चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं नाव घेईल. पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यांची ओळ दिसते, एवढासा जीव. याची हिरवी अळी कोबीची पानं चाळणीसारखी करते, आणि तो बाँब तिच्या तोंडात फुटतच नाही. का फुटत नाही याचं उत्तर जर्मनीतल्या येना गावच्या माक्स प्लांक संस्थेत २००२ साली मिळालं. या अळीच्या आतड्यात एक विकर आहे, तो त्या मुक्या पदार्थाच्या अंगावरचा सल्फेटचा तुकडा झटकन काढून घेतो. एवढंच. पण तो तुकडा गेला की झाडाच्या मायरोसिनेजला तो पदार्थ ओळखूच येत नाही, जसं अंगरखा उतरवून ठेवलेल्या हवालदाराला रस्त्यात कुणी ओळखत नाही. झाडाचा विकर शोधत बसतो आणि तोवर अळीनं सगळं मागच्या दारानं बाहेर टाकलेलं असतं. यात शर्यत आहे बरं का, झाडाचा विकर आधी पोचतो की अळीचा, आणि लाखो वर्षं ती शर्यत अळी जिंकते आहे.

युरोप-अमेरिकेत कोबीवर एक पांढरं फुलपाखरू येतं, त्याच्या अळीची युक्ती निराळी. ती बाँब फुटू देते, पण फुटताना त्याची दिशा वळवते. तिच्या आतड्यातल्या एका प्रथिनामुळे झोंबऱ्या तेलाच्या जागी नायट्राइल नावाचे, तिला सोसवणारे पदार्थ तयार होतात. आणि कोबीवरचा मावा या सगळ्यांच्या पुढचा. मावा पानात बारीक सोंड खुपसून रस ओढतो, कोठड्या फारशा मोडतच नाही, तो मुका पदार्थ तसाच आपल्या अंगात साठवतो आणि दुसऱ्या जागी, स्नायूंमध्ये, स्वतःचा मायरोसिनेज बाळगतो. म्हणजे मोहरीचा आख्खा बंदोबस्त यानं अंगावर उचलून नेला. ढालकिड्यानं मावा चावला की दोन्ही वस्तू एकत्र येतात आणि ढालकिड्याच्या तोंडात फेसलेली मोहरी!

यातली आणखी एक गंमत ऐका. एदुआर्द फेरशाफेल्ट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं १९१० साली पाहिलं की पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या ज्या पानांना एरवी तोंड लावत नाहीत, त्यांना मोहरीच्या कुळातला हा पदार्थ चोळला की आवडीनं खातात. जे बाकीच्यांसाठी विष, तो यांच्यासाठी घरच्या जेवणाचा वास झाला. चौकोनी ठिपक्यांची मादीसुद्धा अंडी घालायला याच वासामागे येते. माझा एक चुलतभाऊ होता, त्याला लवंगी मिरचीच्या ठेच्याशिवाय भाकरी गोड लागत नसे, त्याची आठवण होते मला हे वाचताना.

पण आपण घाटा विसरलो नाही आहोत, तो अजून माझ्या मुठीत आहे. घाटेअळीचं कौतुक असं की चौकोनी ठिपकेवाल्यासारखी ती एका कुळाची मिंधी नाही. हरभरा, तूर, कापूस, टोमॅटो, भेंडी, सूर्यफूल, मका, ज्वारीचं कणीस, जे मिळेल ते, दीडशेहून जास्त जातींची झाडं तिच्या पंगतीत आहेत, आणि प्रत्येक झाडाचं विष वेगळं. मग ती एवढे उतारे ठेवते कुठं?

आधी हरभऱ्याचं दुसरं हत्यार बघू, आंबेहून जास्त कावेबाज. आपण डाळ खाल्ली की पोटातले ट्रिप्सिनसारखे विकर त्यातली प्रथिनं कातरून लहान करतात, मग ती अंगी लागतात. अळीच्या पोटातही तेच. झाडानं काय केलं, तर त्या कातरीच्या पात्यांत अडकून बसेल असं कुलूप तयार केलं. अळी खाते खाते, पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही आणि ती भरल्या ताटावर उपाशी राहते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात क्लॅरेन्स रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९७२ साली दाखवलं की बटाट्या-टोमॅटोचं एक पान किड्यानं कुरतडलं तरी झाडाच्या न कुरतडलेल्या पानांतही ही कुलपं भराभर तयार होतात, गावाच्या वेशीवर दरोडेखोर दिसले की घरोघरी कड्या लागाव्यात तसं. आपणही डाळी शिजवून खातो त्यात चवीबरोबर हेही आहे, शिजताना यातली बरीच कुलपं निकामी होतात. अळीला चूल नाही.

आणि आता ही गोष्ट आपल्या दाराशी येते. पुण्यात पाषाणला जाताना राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. तिथल्या मंडळींनी वर्षानुवर्षं याच घाटेअळीचं पोट उघडून पाहिलं आहे. १९९८ साली त्यांनी छापलं की हरभऱ्यानं अळीसाठी केलेली कुलपं अळीच्या पोटातले काही विकर सरळ कापून टाकतात. ज्या कातरीसाठी कुलूप केलं, तिच्याच बहिणींनी ते फोडलं आणि खाऊन टाकलं! कुलूपही प्रथिनच ना, तेही पचलं, अंगी लागलं. मग पुढच्या वर्षी त्यांनी सहा झाडांची कुलपं शेजारी शेजारी ठेवून तपासली. हरभरा, तूर आणि कापूस ही अळीची रोजची घरं, आणि भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा ही तिनं फारशी न पाहिलेली. रोजच्या घरची कुलपं तिच्यापुढं फिकी पडली. परक्या घरची मात्र लागली, अळ्या खुरटल्या. पण त्याच संशोधकांनी हेही बजावलं की एकच परकं कुलूप कायम लावू नका, पाळीपाळीनं बदला, कारण अळी खाणं बदललं की पोटातले विकरही बदलते. गावचा चोर गावच्या सगळ्या कड्या ओळखतो, परगावी गेला की दोन रात्री चाचपडतो, तिसऱ्या रात्री तिथलीही शिकतो.

तर तिचे उतारे कुठं असतात, त्याचं उत्तर एका आडदांड नावाच्या घराण्यात आहे. पी-४५०. हे नाव पडलं ते या विकरांना कार्बन मोनॉक्साइड चिकटलं की ते प्रकाशातली ४५० नॅनोमीटरची निळी लहर शोषतात म्हणून. हे विकर तुमच्याही अंगात आहेत, यकृतात मुख्यतः, आणि आपण औषधाची गोळी गिळतो तिचा निकाल बऱ्याच वेळा तेच लावतात. माणसाकडे या घराण्याची ५७ जनुकं आहेत. घाटेअळीकडे शंभराहून जास्त! काम कसं चालतं ते भांडी घासण्यावरून कळेल. तेलकट पातेलं नुसत्या पाण्यानं निघत नाही, कारण तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाहीत. झाडाची पुष्कळ विषं अशीच तेलकट असतात, ती चरबीत शिरून बसतात, पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. पी-४५० त्यांना राखेनं घासल्यासारखं घासतो, म्हणजे त्यांच्या अंगावर प्राणवायूचा एक कण बसवतो. त्या कणाला धरून दुसऱ्या पाळीचे विकर साखरेची किंवा ग्लुटाथायोनची पुरचुंडी बांधतात, आणि मग ते सगळं बोचकं पेशीच्या दारातून बाहेर ढकललं जातं. कधीकधी या घासण्यानं विष उलट जास्त जहाल होतं, तेव्हा दुसऱ्या पाळीला धावावं लागतं. १९७१ साली अमेरिकेत तिघांनी ३५ जातींच्या अळ्यांची आतडी तपासली, तर पुष्कळ प्रकारच्या झाडांवर जगणाऱ्या अळ्यांच्या पोटात ही घासणारी मंडळी एका झाडावर जगणाऱ्यांपेक्षा कितीतरी जोमानं काम करताना सापडली. सगळ्या गावात जेवणाऱ्याचं पोट तयार असावंच लागतं.

मागच्या अंगणातल्या लिंबावर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या तुम्ही पाहिल्यात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि डिवचलं की डोक्यातून तांबूस शिंगं काढतात. तीही अशीच एक घासणारी जात. लिंबाच्या कुळात फ्युरॅनोकुमारिन नावाची द्रव्यं असतात, ती अंगात असताना ऊन लागलं की पेशीच्या मुळावरच उठतात. लिंबाचा रस हाताला लागून तुम्ही उन्हात खेळलात तर काळे डाग पडतात ते त्यांच्यामुळेच, आणि कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसवतात त्यातही हीच करामत आहे. या फुलपाखराची अमेरिकेतली एक चुलत बहीण गाजराच्या कुळावर जगते. तिच्या पोटातला नेमका कोणता पी-४५० हे विष मोडतो ते इलिनॉयच्या मे बेरेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली शोधलं. अळीनं विष खाल्लं की तो विकर जास्त बनायला लागतो, एरवी थोडकाच. गरज नसताना चूल पेटती ठेवायची नाही, हा संसार अळीलाही कळतो.

पण जेवायला बसल्यावर चूल पेटवायची म्हणजे पहिले दोन घास कडूच जाणार. त्यावरही एका अळीनं मार्ग काढलेला आहे, आणि हा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. झाडाला चावा बसला की ते आतल्या आत जॅस्मोनेट नावाची हाळी फिरवतं. नाव ओळखीचं वाटलं का? जाईच्या कुळातल्या फुलांच्या तेलात हे द्रव्य आधी सापडलं, म्हणून जॅस्मिनवरून जॅस्मोनेट. ती हाळी ऐकून झाड विषाची तयारी सुरू करतं. आपल्या घाटेअळीची अमेरिकेत एक सख्खी बहीण आहे, मक्याच्या कणसात राहते. २००२ साली दिसून आलं की ही अळी झाडाची हाळी चोरून ऐकते. नुसतं जॅस्मोनेट पोटात गेलं तरी तिचे पी-४५० कामाला लागतात, विष अजून तयार व्हायचं असतानाच. घरमालक शेजाऱ्याला हाक मारतोय, लाठी घेऊन ये, आणि ते ऐकून चोर आधीच डोक्याला मुंडासं बांधतोय!

तंबाखूवरच्या शिंगाळ्या अळीचं थोडक्यात सांगतो, कारण कंदिलातलं तेल मला दिसतंय. ती निकोटिन खाते, बरंचसं विष्ठेतून टाकते, पण थोडं मुद्दाम रक्तात ठेवते आणि अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांतून बाहेर सोडते. युटाच्या वाळवंटात रात्री लांडगा-कोळी शिकारीला निघतो, त्या श्वासाचा भपका आला की मागे सरतो. या कामातही एक पी-४५० गुंतलेला आहे. संशोधकांनी तो बंद पाडला तेव्हा अळीच्या श्वासातलं निकोटिन घटलं आणि कोळ्यांनी त्या अळ्या जास्त खाल्ल्या. हे २०१४ मधलं.

आणि कापसावरची पांढरी माशी. झाड हलवलं की पिठासारखी उडते ती. झाडं काही विषं स्वतःच्या अंगात साठवतात तेव्हा ती आपल्यालाच बाधू नयेत म्हणून त्यांना एक मॅलोनिलचं टोपण लावतात, आणि ते टोपण लावणारा विकर अर्थातच झाडाचा. २०२१ साली बीजिंगच्या शास्त्रज्ञांना पांढऱ्या माशीच्या अंगात टोपण लावणारा असाच विकर सापडला, आणि त्याचं जनुक कोणत्याही किड्याच्या घराण्यातलं नव्हतं. ते झाडाचं होतं. काही कोटी वर्षांपूर्वी कधीतरी झाडाचं जनुक या माशीच्या वंशात शिरलं आणि तिथंच राहिलं. झाडाकडून किड्याकडे गेलेलं आणि कामाला लागलेलं जनुक जगाला पहिल्यांदाच दिसलं ते हे. त्या शास्त्रज्ञांनी मग टोमॅटोचं असं रोप तयार केलं की त्याचा रस प्यायला की माशीचं नेमकं ते जनुक मुकं व्हावं. माशा जवळजवळ सगळ्या मेल्या आणि इतर किड्यांना धक्का लागला नाही. वाघाच्या गुहेतून वाघाचीच नखं पळवणारी ही माशी, पण ती नखं काढून घेतली की कोकरू.

तुम्ही विचाराल, आजोबा, हे सगळं आम्हाला कशाला? सांगतो. कपाशीच्या पानावर आणि सरकीत जे काळे ठिपके दिसतात, त्यांत गॉसिपॉल असतं, कापसाचं स्वतःचं विष. घाटेअळी ते खाते आणि ते सोसायला तिचे पी-४५० जागे होतात. चीनमध्ये २०१२ साली दिसलं की गॉसिपॉल खाल्लेल्या अळ्या डेल्टामेथ्रिन हे फवारणीचं औषधही जास्त सोसतात. अळीला हे कुठं ठाऊक की एक विष झाडानं केलं आणि एक कारखान्यात झालं? तिच्यासाठी दोन्ही तेलकट पातेलीच, घासायचं आणि बाहेर टाकायचं. १९८७ च्या हंगामात आंध्रात कपाशीवर फवाऱ्यामागून फवारे मारले तरी घाटेअळी हटेना, आणि पुढं नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं देशभरातल्या अळ्यांची ही सहनशक्ती मोजून मांडली. आमच्या शिवारातही ते दिवस मी पाहिले आहेत. औषध पातळ आहे म्हणून दुकानदाराशी भांडलेली माणसं मला आठवतात, एकाच औषधाचे आठ-आठ फवारे घेऊन कर्जात बुडालेली घरं आठवतात, आणि अजून जीव तुटतो. सगळ्याच वेळी औषध खोटं नव्हतं. ज्या पोटानं कोट्यवधी वर्षं झाडांची विषं पचवली त्या पोटाला आपण तेच तेच एक विष पुन्हा पुन्हा वाढत होतो.

म्हणून मला बांधावरच्या निंबाचं मोल वाटतं. निंबोळीत ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य, पण ते एकटं नसतं, त्याच्याबरोबर कितीतरी कडू भावंडं असतात. कॅनडात १९९५ साली मुरे इस्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं हिरव्या माव्याच्या दोन वस्त्या पाळल्या, एकीला नुसतं ॲझाडिरॅक्टिन दिलं आणि दुसरीला तेवढंच ॲझाडिरॅक्टिन असलेला निंबोळीचा अर्क. चाळीस पिढ्यांनंतर पहिल्या वस्तीतला मावा ते विष नऊपट सोसायला लागला होता. निंबोळीच्या अर्कावरचा मावा मात्र चाळीस पिढ्यांपूर्वी होता तिथंच होता.

निंबोळ्या ज्येष्ठ-आषाढात पडतात. पावसात भिजल्या की बुरशी धरतात, म्हणून पडल्या पडल्या वेचायच्या, गर धुऊन काढायचा आणि बी सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. पाच किलो बी कुटून रात्रभर पाण्यात भिजवलं आणि सकाळी गाळून शंभर लिटर केलं की झाला पाच टक्क्यांचा अर्क. यंदा आपल्या बांधावरच्या तिन्ही निंबांखाली जुनी लुगडी अंथरायची आहेत. सुट्टी संपायच्या आत या, मला एकट्याला वाकून वेचवत नाही आता.